पायाच्या रुंदीलाही माप असते: बास्केटबॉलचे बूट घडवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
भारतात बास्केटबॉलचे बूट तयार करणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे रचनाकार आणि उत्पादनप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. त्याआधी शाळेपासून विद्यापीठापर्यंत सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल खेळले, आणि आजही आठवड्यातले चार दिवस सकाळी मुलामुलींच्या सरावाला हजर असते. ज्या पायांसाठी आपण बूट घडवता ते पाय मी बूट चढवलेले असताना पाहते आणि दवाखान्यात बूट-मोजे काढल्यावरही पाहते. या दोन वेळच्या पाहण्यातून जे एक गाऱ्हाणे वर्षानुवर्षे साठत आले आहे, तेच आपल्यापुढे मांडायचे आहे. आपला बूट ज्या ठोकळ्यावर बेतला जातो, ज्याला आपल्या व्यवसायात लास्ट म्हणतात आणि आमच्याकडचे कारागीर फर्मा म्हणतात, तो आमच्या खेळाडूंच्या पायांचा नाही. बुटाची घोट्याभोवतीची गळपट्टी, हवेची गादी, रंग, खेळाडूची सही यांवर आपण जेवढी मेहनत घेता, तिचा थोडा वाटा त्या फर्म्याला मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सरावानंतर मी खेळाडूंना कधीकधी एक साधी गोष्ट करायला लावते. बुटातला सुटा इनसोल, म्हणजे पायाखालचा आतला थर, बाहेर काढायचा, फरशीवर ठेवायचा, त्याच्या टाचेशी आपली टाच जुळवायची आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन त्यावर उभे राहायचे. गेल्या मे महिन्यातल्या शिबिरात पंधरा वर्षांची एक गार्ड, म्हणजे चेंडू खेळवत नेणारी खेळाडू, अशी उभी राहिली, तेव्हा तिच्या पायाची करंगळी इनसोलच्या पूर्ण बाहेर फरशीवर टेकली होती, आणि चवड्याचा बाहेरचा काठ निदान बोटभर बाहेर आला होता. करंगळीच्या वरच्या बाजूला टणक, पिवळट कुरूप होते. अंगठ्याचे नख काळे पडलेले होते. टाचेच्या मागे जुन्या फोडाची साल निघून नवा फोड धरला होता. मी विचारले की बूट घट्ट होतो का, तर ती म्हणाली, "नाही ताई, एक नंबर मोठाच घेतलाय." त्या दिवशी तिच्यामागून उभे राहिलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांची करंगळी कमी-अधिक प्रमाणात बाहेरच होती, आणि बहुतेकांचे उत्तरही हेच होते.

एक नंबर मोठा बूट घेणे हा आमच्याकडचा सर्वमान्य उपाय आहे. दुकानदार तो सुचवतो, पालकांना तो पटतो, आणि चवड्याला मोकळीक मिळाल्यामुळे खेळाडूलाही दुकानातल्या गालिच्यावर चार पावले टाकताना बरे वाटते. पण नंबर वाढला की बूट प्रामुख्याने लांबीने वाढतो, रुंदीने अगदी थोडा. मग बूट जिथे दुमडावा अशी त्याची रचना केलेली असते ती जागा पायाच्या दुमडण्याच्या जागेपुढे सरकते, आणि चवड्याच्या सांध्यांना दर पावलाला बुटाशी झगडावे लागते. टाच आत सैल पडते म्हणून खेळाडू नाडी करकचून आवळतो, त्यामुळे पायाच्या पाठीवरचे मज्जातंतू आणि स्नायूबंध दाबले जाऊन बोटांना मुंग्या येतात. धावता धावता एकदम थांबले की पाय आत पुढे घसरतो आणि नख बुटाच्या नाकावर आदळते. त्या मुलीच्या पायावरची कुरूप, काळे नख आणि टाचेचा फोड ही तिन्ही दुखणी या एकाच तडजोडीतून आलेली होती. तिने महिनाभर वेगवेगळी मलमे लावली होती.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की हा एका गावातल्या एका बाईचा अनुभव झाला. म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे काम आपल्या नजरेला आणून देते. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात या संस्थेने देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची त्रिमितीय स्कॅनरने मापे घेतली. भारतीयांचा पाय युरोपीय आणि अमेरिकी पायापेक्षा सर्वसाधारणपणे अधिक रुंद असतो, आणि अरुंद बुटांमुळे इथले लोक गरजेपेक्षा मोठ्या नंबरचे बूट घालत आले आहेत, असे त्यातून दिसले. देशाच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी मापे लागतील अशी आधीची अटकळ होती, ती खोटी ठरली आणि सगळ्यांसाठी एकच भारतीय मापपद्धती पुरेल असे ठरले. तिला 'भा' असे सुटसुटीत नाव दिले आहे. स्वातंत्र्याआधी इंग्रजांनी आणलेले नंबर आपण अजून वापरतो, आणि ते कोणाच्या पायावरून ठरले होते हे वेगळे सांगायला नको. हे सर्वेक्षण रोजच्या वापरातल्या सगळ्या पादत्राणांसाठी होते. चप्पल अरुंद असली तर माणूस ती पायातून काढून बाजूला ठेवतो. बास्केटबॉलपटूला मात्र त्याच अरुंद बुटात सामनाभर उड्या मारायच्या असतात, अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार घेऊन एका पायावर उतरायचे असते, आणि पुढच्याच क्षणी दिशा बदलायची असते.

धावण्याच्या बुटांत ही अडचण आपल्याच व्यवसायाने बऱ्याच अंशी सोडवली आहे. तिथे एकाच नंबरात २ई, ४ई अशी रुंद मापे मिळतात, आणि थोडी शोधाशोध केली तर ती भारतातही हाती लागतात. बास्केटबॉलच्या बुटांत असा पर्याय आमच्याकडच्या दुकानांत मला जवळजवळ कधीच दिसलेला नाही. खोक्यावर लांबीचा नंबर इंग्लंडचा, अमेरिकेचा, युरोपचा आणि सेंटिमीटरचा असा चार प्रकारे छापलेला असतो, पण रुंदीचा उल्लेख एकाही प्रकारे नसतो. प्रत्येक रुंदीसाठी वेगळा फर्मा, सोलचा वेगळा साचा आणि गोदामात वेगळा साठा लागतो, हे मला कळते. सगळ्या मॉडेलांत सगळ्या रुंदी द्या असे मी म्हणतही नाही. पण ज्या देशात लाखाहून अधिक पायांची मापे घेऊन पाय रुंद असल्याचे सिद्ध झाले आहे, त्या देशात विकायला आणलेल्या बुटांत एकही रुंद फर्मा नसावा, ही गोष्ट खर्चाचे कारण सांगून पटण्यासारखी नाही.

२० फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू झायन विल्यमसन याचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला आणि त्याचा गुडघा दुखावला, तेव्हा जगभरच्या बातम्यांत त्या बुटाची शिवण तपासली गेली. अरुंद बूट असा फाटत नाही. तो पाच-सहा वर्षे पायाला हळूहळू आपल्या आकारात आणतो. अंगठा शेजारच्या बोटांकडे कलतो, त्याच्या बुडाचा सांधा बाहेर येतो, करंगळी शेजारच्या बोटाखाली वळते. विशीच्या आतले असे पाय मी आठवड्याला पाहते.

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र पायाच्या बाहेरच्या काठाची आहे. करंगळीपासून मागे घोट्याच्या दिशेने जे लांब हाड जाते, त्या पाचव्या मेटाटार्सलच्या बुडाजवळच्या अस्थिभंगाला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. रॉबर्ट जोन्स या शल्यविशारदांनी १९०२ साली त्याचे वर्णन केले, आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या पायाचाही समावेश होता. या जागेला रक्तपुरवठा तोकडा असल्याने हाड जुळायला फार वेळ लागतो. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंटला हेच झाले, आणि जगातले उत्तमोत्तम उपचार हाताशी असूनही त्या एका हंगामात त्याच्या पायावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. बास्केटबॉलमध्ये आडवे पाऊल टाकून अंग झोकताना सगळा भार याच काठावर येतो. पायाचा काठ सोलच्या काठाबाहेर लोंबत असेल, तर त्या क्षणी हाडाखाली भक्कम आधार नसतो, वरच्या कापडाचा ताण तेवढा असतो. अरुंद बुटानेच हाड मोडते असे मी म्हणणार नाही, कारण सरावाचा अतिरेक, पायाची ठेवण, आहारातली उणीव ही कारणेही त्यात असतात. पण बाहेरच्या काठाच्या दुखण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मी आता आधी इनसोलवर उभे करते, आणि काय दिसणार याचा अंदाज मला बहुधा आधीच आलेला असतो.

आता आपल्या जाहिरातींकडे वळते. उंच गळपट्टीचा बूट घोटा सांभाळतो, अशी समजूत आमच्याकडे इतकी घट्ट आहे की पालक पदरमोड करून तसेच बूट आणतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात महाविद्यालयीन स्तरावरच्या ६२२ बास्केटबॉलपटूंना चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटून उंच, बुटके आणि हवा भरायच्या कप्प्यांचे उंच बूट दिले गेले, आणि घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. अमेरिकी बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटने फुटबॉलपटूंच्या बुटांकडे पाहून बुटक्या गळपट्टीचा आग्रह धरला आणि नाइकेचे रचनाकार एरिक अवार यांनी २००८ च्या अखेरीस त्याच्यासाठी तसा बूट घडवला, त्यालाही आता बराच काळ लोटला. घोट्याचे रक्षण ज्याने होते ते वेगळेच आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या १,४६० शालेय बास्केटबॉलपटूंवरच्या २०११ सालच्या अभ्यासात नाडीने आवळायचा घोट्याचा पट्टा वापरणाऱ्यांमध्ये घोट्याच्या दुखापतींचे प्रमाण दर हजार सराव-सामन्यांमागे ०.४७ होते, आणि न वापरणाऱ्यांमध्ये १.४१. असा पट्टा बुटाच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात येतो. त्याच्या जोडीला एका पायावर तोल सांभाळण्याचा रोजचा दहा मिनिटांचा व्यायाम, ज्याला काहीच पैसे लागत नाहीत. मात्र पट्टा बांधलेला पाय मावायला बुटात जागा लागते, आणि इथे पुन्हा रुंदीचाच प्रश्न आडवा येतो. पट्टा घेऊन दिलेल्या कितीतरी मुलांनी तो बूट चढत नाही म्हणून कपाटात टाकला आहे.

टाचेतल्या हवेच्या गादीबद्दलही असेच. ऑस्ट्रेलियातल्या १०,३९३ बास्केटबॉलपटूंच्या पाहणीत, जी २००१ साली प्रसिद्ध झाली, घोटा दुखावण्याची जोखीम तीन गोष्टींशी जोडलेली दिसली. आधी कधी घोटा दुखावलेला असणे ही पहिली आणि सामन्याआधी स्नायू न ताणणे ही तिसरी. या दोहोंच्या मध्ये टाचेत हवेचे कप्पे असलेले बूट होते, आणि असे बूट घालणाऱ्यांना जोखीम ४.३ पट होती. तो अभ्यास जुन्या काळच्या बुटांचा होता आणि आजची गादी वेगळी आहे, हे मान्य. तरीही त्यामागचे तत्त्व जुने झालेले नाही. टाच जमिनीपासून जितकी उंच आणि तिच्याखालचा थर जितका मऊ, तितका पाय कलंडायला वाव अधिक आणि जमिनीचा अंदाज कमी. १९१७ सालचा कॅनव्हास आणि रबराचा चपट्या सोलचा कॉन्व्हर्सचा ऑल स्टार बूट परत आणा असे मी म्हणत नाही, कारण सिमेंटवर रोज उड्या मारणाऱ्या पोरांच्या नडग्यांना गादी हवीच. पण गादी उंचावताना तिचा पायाही तेवढा रुंदावला पाहिजे.

सिमेंटचा विषय निघाला म्हणून सांगते. आपले बहुतेक महागडे बूट घासूनपुसून चकचकीत केलेल्या मेपलच्या लाकडी कोर्टसाठी बनतात. मुंबईच्या नागपाड्यात, नागपुरात, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांच्या मैदानांवर खेळ वाढला तो उघड्यावरच्या सिमेंटवर. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या तव्यावर मऊ रबराची नक्षी एका हंगामात घासून गुळगुळीत होते आणि तोच बूट पहिल्या पावसानंतर बंदिस्त कोर्टवर घातला की पाय सटकतो. कडक रबराच्या आवृत्त्या आपण काढता हे मला माहीत आहे, पण त्या कोणत्या दुकानात आणि कोणत्या मापात मिळतील याचा भरवसा नसतो.

मुलींची स्थिती याहून बिकट आहे. स्त्रीचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान प्रत नव्हे, हे पायाच्या आकाराचा अभ्यास करणाऱ्यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. चवड्याच्या मानाने तिची टाच निमुळती असते, कमानीची आणि अंगठ्याची ठेवणही वेगळी असते. अमेरिकेच्या महिला बास्केटबॉलपटूंमध्ये शेरिल स्वूप्सच्या नावाचा बूट १९९५ साली आला, आणि तरीही २०२२ मध्ये ब्रियाना स्टुअर्टच्या नावाचा बूट निघाला तेव्हा एखाद्या महिला खेळाडूच्या नावाने बूट निघून दहा वर्षांहून जास्त काळ लोटला होता. आमच्याकडे पुण्याच्या शिरीन लिमयेला भारताच्या संघातून खेळताना पाहून कितीतरी मुली या खेळात आल्या. त्या मुली मुलग्यांच्या फर्म्यावरचे बूट घालून खेळतात. चवड्याला पुरेल असा बूट घ्यावा तर टाच उचलली जाते, आणि टाचेला घट्ट घ्यावा तर चवडा पिळवटतो. दोन मोजे चढवून ही भर काढणाऱ्या मुली मला प्रत्येक संघात भेटतात.

आणि लहान मुलांविषयी थोडे. चेन्नईच्या त्याच सर्वेक्षणानुसार मुलींच्या पायाची वाढ साधारण अकराव्या वर्षी आणि मुलग्यांची पंधराव्या-सोळाव्या वर्षी कळसाला पोहोचते. नेमक्या याच वयात शाळेचा संघ, तालुका, जिल्हा असा सराव वाढतो, आणि नेमक्या याच वयात पालक वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतात. टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग या वयात कोवळा असतो, आणि सैल, खालून झिजलेल्या बुटात त्यावर रोज होणारे आघात टाचदुखीला पुरेसे असतात. अशा पालकांना मी दोष देऊ शकत नाही, कारण सात-आठ हजारांचा बूट दर सहा महिन्यांनी घेणे त्यांच्या आवाक्यातले नसते. साधा, टिकाऊ, रुंद फर्म्याचा आणि परवडणाऱ्या किमतीचा शालेय बूट ही आपल्यासाठी फार कठीण गोष्ट असेल असे मला वाटत नाही.

म्हणून माझी आपल्याला विनंती अशी आहे की भारतात विकल्या जाणाऱ्या आपल्या बास्केटबॉलच्या बुटांपैकी निदान एका पुरुषांच्या आणि एका मुलींच्या बुटासाठी भारतीय पायांच्या मापांवरून फर्मा तयार करावा, आणि तो दोन रुंदींत द्यावा. खोक्यावर आणि संकेतस्थळावर लांबीबरोबर चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये छापावी. उंच गळपट्टी घोटा वाचवते असे सुचवणारे शब्द आणि चित्रे जाहिरातींतून काढून टाकावीत. आणि आपल्या दुकानांत टाचेपासून बोटांपर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदी ही तिन्ही मापे घेणारी पट्टी ठेवावी. असे ब्रॅनॉक नावाचे उपकरण अमेरिकेत १९२० च्या दशकापासून वापरात आहे. आमच्याकडे मात्र हजारोंचा बूट विकताना विक्रेता फक्त "नंबर काय?" एवढेच विचारतो. या पत्राची प्रत मी भारतीय मानक ब्यूरोलाही पाठवत आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांच्या गुणवत्तेचे आदेश देशात लागू झाले, आणि 'भा' पद्धतीच्या शिफारशी ब्यूरोकडे गेलेल्या आहेतच; खेळाच्या बुटांवर रुंदीचे माप छापणे त्यासोबत बंधनकारक करता येईल.

ज्या मुलीविषयी सुरुवातीला लिहिले तिच्या बुटाचे पुढे काय झाले तेही सांगते. तिच्या वडिलांनी तो मैदानाबाहेर बसणाऱ्या मोचीकाकांकडे नेला. त्यांनी बूट हातात घेऊन बाहेरची बाजू अंगठ्याने दाबून पाहिली, पोरीचा पाय आपल्या मांडीवर ठेवून पाहिला, आणि करंगळीच्या जागी दोन इंचांची फट पाडून तिथे मोज्यासारखे ताणले जाणारे कापड शिवून दिले. महिन्याभरात तिचे कुरूप मऊ पडले. पण त्या जागी बुटाची ताकद गेल्यामुळे त्या बाजूला जोरात झेप घ्यायला ती आता कचरते, आणि आमच्या संघाचा निम्मा बचाव तिच्या त्याच झेपेवर उभा होता. तो बूट मी माझ्याकडे मागून घेतला आहे. त्यासोबत शिबिरातल्या मुलामुलींच्या पायांच्या, भार देऊन उभे असताना काढलेल्या बाह्यरेषांचे कागदही आहेत. पालकांच्या संमतीने, नावे न लिहिता जपून ठेवलेले. आपल्यापैकी ज्यांना ते पाहायचे असतील त्यांनी कळवावे, बूट आणि कागद दोन्ही पाठवीन.

आपली नम्र,
नागपुरातील एक फिजिओथेरपिस्ट आणि माजी खेळाडू